चाके जोडली हा गुन्हा झाला काय?



आपल्या पत्रिकेत मराठी शाळा, बसवरच्या पाट्या आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेला महाराष्ट्राचा दावा यांवर पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. मी मात्र आज एका स्कूटरवर लिहिणार आहे. हा विषय ज्यांना पत्रिकेच्या मानाने किरकोळ वाटेल त्यांनी आपल्या भावकीतला एखादा माणूस आठवावा, ज्याचा पाय पोलिओने गेला, किंवा साखरेच्या आजाराने कापावा लागला, किंवा महामार्गावर ट्रकखाली सापडला. असा एकही माणूस नसलेले जुने मराठी घर भालकीत, औरादेत, बसवकल्याणात किंवा आळंदमध्ये कोणी मला दाखवून द्यावे.

आमच्या घरातला तो माणूस म्हणजे माझा धाकटा चुलत भाऊ. घरात त्याला सगळे बापू म्हणतात. १९८२ चा जन्म. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि उजवा पाय गेला. पल्स पोलिओची मोहीम आपल्या देशात १९९५ ला सुरू झाली, भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. फार चांगले झाले. पण १९९५ च्या आधी ज्यांचे पाय गेले ते आज तीस, चाळीस, साठ वर्षांचे आहेत, आणि त्यांना रोज कामाला जायचे असते. पोलिओ गेला म्हणून पोलिओ झालेली माणसे गेली नाहीत!

बापू पीकविम्याचे, पेन्शनचे, जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून देतो. त्यासाठी गावोगाव फिरावे लागते. मोटारसायकल त्याला चालत नाही, कारण तिचा मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो. जुन्या चेतकचाही ब्रेक उजव्याच पायाला. म्हणून २०१७ मध्ये उदगीरच्या मामांनी आपली वापरलेली बिनगिअरची स्कूटर त्याला दिली, एम.एच. २४ नंबरची. दोन्ही ब्रेक हातात. इकडच्या एका मिस्त्रीने चौदा हजार रुपयांत मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन चाके बसवून दिली. त्या दिवशी बापू काकूला मागे बसवून देवदर्शनाला घेऊन गेला. पस्तीस वर्षांचा मुलगा आईला पहिल्यांदा कुठेतरी स्वतः घेऊन जात होता. काकू त्या दिवशी काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

पुढे गाडी नावावर करायची वेळ आली. मामांकडून ना-हरकत दाखला आणला आणि सीमेलगतच्या एका परिवहन कार्यालयात आम्ही दोघे गेलो. तेथील ब्रेक इन्स्पेक्टरसाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘‘ही चाके काढून आणा, मग बघू.’’ चाके काढली तर बापू गाडी आणणार कशी? शेवटी चाके काढली, गाडी मी चालवत नेली आणि बापू मागून ऑटोने आला. कागदावर दोन चाकांची स्कूटर नोंदली गेली. बाहेर येऊन आम्ही मिस्त्रीकडे गेलो आणि तीच चाके परत बसवली. म्हणजे कायदा मोडण्याची वाट सरकारी कचेरीनेच दाखवून दिली, आणि आम्हीही मुकाट्याने त्या वाटेने गेलो. मला त्याची लाज वाटते, म्हणून सांगतो आहे.

२०२२ मध्ये एका टेम्पोने बापूला कट मारला. खांद्याचे हाड मोडले, स्कूटरचा चुराडा झाला. विमा होता, हप्ता वेळच्या वेळी मीच भरत होतो. विमा कंपनीचा माणूस आला, त्याने फोटो काढले आणि कळवले की नोंदणी पुस्तकात नसलेला बदल गाडीत केलेला आहे, सबब नुकसानीचा दावा नामंजूर. चूक टेम्पोवाल्याची, पोलिसांच्या पंचनाम्यात तसे स्पष्ट लिहिलेले. पण पाच वर्षे ज्या चाकांनी बापूला उभे केले, त्याच चाकांनी त्याचा दावा बुडवला.

त्यानंतर मी हा कायदा वाचायला बसलो. मी वकील नाही, बी.कॉम. झालेला बँकेचा कारकून आहे. पण परिपत्रकातले कलम आणि पोटकलम वाचण्यात माझे आयुष्य गेले आहे, तेव्हा एवढे समजते.

मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये कलम २ हे व्याख्यांचे आहे. त्याच्या पोटकलम २७ प्रमाणे मोटारसायकल म्हणजे दोन चाकांची गाडी, फार तर बाजूला काढघाल करता येण्याजोगी एक साइडकार चालेल. बापूच्या स्कूटरला चाके चार, म्हणून ती मोटारसायकल नव्हे. मग पोटकलम १८ पाहिले. तेथे अपंगांच्या गाडीची व्याख्या होती. काय होती? अपंग व्यक्तीसाठी खास आखलेली आणि बांधलेली गाडी, ‘नुसती बदल करून घेतलेली नव्हे’! हे शेवटचे शब्द माझे नाहीत, कायद्याचेच आहेत, मी फक्त मराठीत सांगितले. म्हणजे कारखान्यातूनच अपंगांसाठी बांधून आली तर ती अपंगाची गाडी. मिस्त्रीने चाके जोडली तर ती अपंगाची गाडी नाही आणि मोटारसायकलही नाही. ज्या देशात कारखानदार अशी गाडी सहसा बांधतच नव्हते त्या देशातला हा कायदा.

वाचताना मला हसू आले. सीमाभागातल्या माणसाला ही अवस्था नवी आहे काय? १९५६ ला बिदर आणि गुलबर्गा जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, बाकीचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तेव्हापासून आपण इकडे ‘महाराष्ट्रवाले’ आणि लातूरला पाहुण्याकडे गेलो की ‘कर्नाटकातले’. दोन पोटकलमांच्या मधल्या खड्ड्यात कसे राहतात हे बापूला आपण शिकवायला नको, तो दुहेरी सीमावासी आहे.

इंग्रजी कायद्यात या गाडीला ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हणत. इन्व्हॅलिड म्हणजे आजारी, पंगू. आमच्या बँकेत मात्र इन्व्हॅलिड म्हणजे रद्दबातल. बापूच्या लायसन्सवर अनेक वर्षे तो शब्द होता.

आता कलम ५२, गाडीत बदल करण्याविषयीचे. १९८८ च्या मूळ कायद्यात नोंदणी अधिकाऱ्याला सूचना देऊन, त्याची मंजुरी घेऊन बदल करता येत होता. २००० सालच्या दुरुस्तीने ही वाट बंद केली. उत्पादकाने जी वैशिष्ट्ये मूळ ठरवली त्यांहून वेगळी गाडी करायची नाही, असा नियम आला. त्याच दुरुस्तीत एक अपवाद ठेवला होता, तो नीट ऐका. गॅसवर, बॅटरीवर किंवा अन्य इंधनावर गाडी चालवण्यासाठी किट बसवायचे असेल तर अटी पाळून परवानगी! म्हणजे पेट्रोलचे पैसे वाचवायला पायाशी गॅसची टाकी बसवलेली चालते, आणि ज्याला पायच नाही त्याने बाजूला दोन चाके बसवलेली चालत नाहीत. २००० साली दिल्लीत बसून हे ज्यांनी लिहिले त्यांच्यापैकी एकाच्याही घरात कोणी बापू नसेल, असे मी मानणार नाही. असणारच. पण त्याची आठवण त्यांना त्या दिवशी झाली नाही.

९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात निकाल दिला की उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल नोंदवता येणार नाही. न्यायालयाने कायदा होता तसाच वाचला, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोटार वाहन दुरुस्ती कायदा झाला. वर्तमानपत्रांत फक्त वाढलेले दंड छापून आले. हेल्मेट नसेल तर किती, दारू प्यायली तर किती. पण त्याच कायद्यात ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ हा शब्द काढून टाकला आहे. त्याजागी अनुकूलित वाहन आले, आणि त्याच्या व्याख्येत मागाहून बदल करून घेतलेली गाडीही धरली. कलम ५२ मध्ये स्पष्ट म्हटले की कोणीही आपली गाडी अपंग व्यक्तीसाठी बदलून घेऊ शकतो आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घेऊ शकतो. नंतर! म्हणजे चाके काढून नेण्याची गरजच नाही. हा कायदा आला तेव्हा बापूच्या गाडीला चाके लागून दोन वर्षे झाली होती. कोणी आम्हाला सांगितले? कोणत्या कचेरीच्या फलकावर हे मराठीत, कन्नडात तरी लावलेले होते? भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या १९५६ च्या केंद्र सरकारच्या निवेदनाप्रमाणे जेथे पंधरा-वीस टक्के लोक एका अल्पसंख्य भाषेचे असतील तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करायचे आहेत. औरादेत, भालकीत आपण किती आहोत हे मी सांगायला नको.

आणि दंड मात्र सगळ्यांना लागू. कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दोन चाके म्हणजे एक बदल की दोन, हा हिशोब मी कॉमर्सचा असूनही मला लागलेला नाही.

सारांश, कागदावर २०१९ ला प्रश्न सुटला. मग २०२३ मध्ये आम्ही दुरुस्त केलेली स्कूटर आणि तीच चाके घेऊन रीतसर अर्ज केला. बापूने यूडीआयडी कार्ड जोडले, डॉक्टरांचा दाखला जोडला. उत्तर आले की बदल हा विहित अटींप्रमाणे असला पाहिजे, तेव्हा चाकांच्या किटला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आणा. अशा संस्था कोठे आहेत? पुण्याला ए.आर.ए.आय., नगरला व्ही.आर.डी.ई., तिकडे हरियानात मानेसरला एक. आमच्या मिस्त्रीने आयुष्यात पुणे पाहिलेले नाही. त्याने आजवर कित्येक गाड्यांना चाके बसवली, एकीचाही अ‍ॅक्सल तुटलेला मी ऐकला नाही. पण तो वेल्डिंगवाला आहे, कंपनी नाही.

येथे मी विरुद्ध बाजूचेही ऐकून घेतो, कारण सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. साधी स्कूटर वळणावर झुकते, चार चाकांची झुकत नाही, म्हणून वेगात वळली की आतले चाक उचलते. आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात. बाजूची दोन चाके दोन्ही उंचवट्यांवर चढली की मधले चाक हवेत लटकते, आणि ओढणारे तेच, ब्रेकचेही तेच! बापूची गाडी एका पावसाळ्यात अशीच जागच्या जागी फिरत राहिली होती. म्हणून बाजूच्या चाकांना स्प्रिंग हवी, रुंदी ठरलेली हवी, जोड भक्कम हवा. तपासणी जरूर करा. पण ती भालकीत करा, बिदरला करा, कलबुर्गीला करा. जो माणूस घरापासून रस्त्यापर्यंत येऊ शकत नाही त्याने पुण्याचे प्रमाणपत्र आणावे, ही सुरक्षितता नसून टाळाटाळ आहे.

शिवाय आपले राज्य सरकारच अपंगांना यंत्रचालित दुचाकी वाटते. मैदानात ओळीने स्कूटरी उभ्या करतात, फुगे बांधतात, पुढाऱ्यांच्या हस्ते किल्ल्या देतात. त्या स्कूटरींना बाजूची चाके असतात की नाही? असतात. त्यांची नोंदणी होते की नाही? होते. मग त्याच चाकांचा नकाशा, मापे, पोलादाची जाडी छापून तालुक्याला लावा आणि सांगा की याप्रमाणे मिस्त्रीने बनवले तर आम्ही मंजूर करू. यात सरकारचा एक रुपया जात नाही. सरकारने दिलेली चाके सुरक्षित आणि स्वतःच्या घामाच्या पैशाने लावलेली बेकायदा, असे कसे चालेल? ज्याला दान घ्यायचे नाही, स्वतः कमवून घ्यायचे आहे, त्याच्याच पायात खोडा?

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा काढून पाहा. कलम ४१ मध्ये लिहिले आहे की सरकारने परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक हालचालीसाठी योजना आखाव्यात, त्यांत सवलती द्याव्यात आणि गाड्यांमध्ये मागाहून बदल करण्याची तरतूद करावी. एक कायदा सांगतो बदल करून द्या, दुसऱ्या कायद्याचा अंमलदार सांगतो प्रमाणपत्र आणा. २०२१ मध्ये जी.एस.टी. परिषदेने अपंगांच्या गाड्यांच्या किटवरचा कर पाच टक्क्यांवर आणला. चांगली गोष्ट. पण बिल कोण देणार? मिस्त्रीकडे बिलबुक नाही आणि मान्यताप्राप्त किटचा विक्रेता आपल्या तालुक्यात मला तरी सापडला नाही.

विम्याचेही तसेच. मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये अपंगांसाठी खास बनवलेल्या किंवा बदललेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट आहे. आय.एम.टी. बारा असा तिचा क्रमांक आहे. मात्र नोंदणी पुस्तकात तसा शेरा हवा. शेरा नाही म्हणून बापूने पूर्ण हप्ता भरला, आणि शेरा नाही म्हणूनच दावा बुडाला. दोन्हीकडून मार!

आणखी एक काटा आहे. व्याख्येत ‘केवळ त्या व्यक्तीकडून किंवा त्या व्यक्तीसाठी’ असे शब्द आहेत. म्हणजे मुलगा बापाला बसवून दवाखान्यात नेऊ शकतो, पण त्याच गाडीवर दळण घेऊन गिरणीत गेला तर गाडी अनुकूलित राहिली की नाही, हा वाद होऊ शकतो. आपल्या घरांतून एक गाडी चारजण वापरतात. दिल्लीतल्या बंगल्यात प्रत्येकाची वेगळी असेल.

आता सीमेचा मुद्दा, तो फक्त आपलाच आहे. आपले सोयरेधायरे लातूर, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, सोलापूर, नांदेड येथे. गाड्या, मुली, बियाणे सगळे तिकडून इकडे आणि इकडून तिकडे जाते. कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर येथला नंबर घ्यावा लागतो. एम.एच. २४ ची के.ए. ३९ करायची तर ना-हरकत, कर, तपासणी, सगळे पहिल्यापासून. समजा उदगीरच्या एखाद्या अपंग मुलीची गाडी लातूरला रीतसर अनुकूलित म्हणून मंजूर झाली आणि ती लग्न होऊन औरादला आली. नंबर बदलताना येथल्या साहेबाने पुन्हा सगळी प्रमाणपत्रे मागितली तर तिने काय करावे? तिचे यूडीआयडी कार्ड देशभर चालते, मग तिच्या चाकांची मंजुरी का चालू नये?

२०२१ मध्ये केंद्राने भारत मालिका काढली, बी.एच. नंबरची. संरक्षण दलातले, सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या संस्थांचे कर्मचारी तो घेऊ शकतात. राज्य बदलले तरी नंबर बदलावा लागत नाही. माझ्यासारखा बँकेचा कारकून, दोन पाय धड असलेला, त्याला पात्र. आणि सीमेवर राहणारा, रोज दोन राज्यांत ये-जा करणारा अपंग पात्र नाही. ही सवलत कोणाला अधिक हवी होती? आपल्या मंडळाने पुढच्या निवेदनात ही मागणी घातली पाहिजे की अपंग मालकाच्या गाडीला, मग ती जुनी असो वा नवी, ही मालिका खुली करा. कानडी बांधवांनाही ती तेवढीच उपयोगी आहे. या एका मागणीवर बिदरच्या चौकात दोन्ही भाषांचे लोक एकत्र उभे राहू शकतील, आणि असे विषय आपल्याकडे फार नाहीत.

कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाकडे कलम ३७१-जे नंतर निधी येतो. त्यातून रस्ते होतात, कमानी होतात. तालुक्याला एक तपासणीची जागा, एक प्रशिक्षित मिस्त्री आणि महिन्यातून एक दिवस बसणारा निरीक्षक एवढा खर्च त्यातून सहज निघेल. डिसेंबर २०२३ मध्ये केरळात दोन्ही हात नसलेल्या एका तरुणीला मोटारीचे लायसन्स मिळाले, पायाने आणि आवाजाने चालणारी गाडी तिला बनवून दिली गेली. तेथेही आधी नकारच होता. वर्षानुवर्षे मागे लागून मिळवले. आपण दोन चाकांसाठी थकून बसायचे?

थोडे आपल्याविषयी, रागावू नका. बापूला स्कूटर देताना सर्वात जास्त विरोध कार्यालयाने नव्हे, आमच्या घरच्यांनी केला होता. ‘‘तुला काय कमी आहे, पाहिजे ते आणून देतो ना,’’ असे थोरले काका म्हणत. पाटीलकीच्या घरातला मुलगा चार चाकांच्या स्कूटरवर गावभर फिरणार, लोक काय म्हणतील! मुलींचे तर बोलूच नये. लंगडणारी मुलगी वाड्याच्या आत राहिली की लग्नाच्या बाजारात धाकटीचे नाव खराब होत नाही, असा आपला हिशोब. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले, ओसरी ओलांडायची परवानगी मात्र अजून मागावी लागते. सरकारशी भांडताना हेही तोंडासमोर राहू द्या.

बापूचा अर्ज दुसऱ्यांदा दिला आहे. या वेळी कलम ५२ ची प्रत वर लावली आणि पोच घेतली. पोच न घेता कोणीही अर्ज देऊ नये, एवढे बँकेच्या नोकरीने शिकवले. बदल केल्यापासून चौदा दिवसांत कळवायचे असते हेही ध्यानात ठेवावे, नव्याने चाके बसवणाऱ्यांनी ती तारीख चुकवू नये. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्या, बँकेवाले नाही म्हणत नाहीत, विचारलेलेच नसते म्हणून अडतात.

मंडळाच्या येत्या बैठकीत या विषयाला अर्धा तास द्यावा अशी अध्यक्षमहोदयांना विनंती आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी आर.सी., विमा पॉलिसी, यूडीआयडी कार्ड आणि लायसन्स यांच्या झेरॉक्स आणाव्यात, म्हणजे निवेदनाला जोडता येतील. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, मी घरीच असतो. फॉर्म भरून हवा असेल त्यांनी यावे. बापूही त्या दिवशी असतो, स्कूटर बाहेर उभी दिसेल.